नळाचं पाणी, माशांच्या कल्ल्यांपर्यंत

पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडे आयएस १०५०० हे मानक आहे. त्यानुसार नळाला येणाऱ्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा लागतो. तेवढा नसेल आणि वाटेत जलवाहिनीत गटाराचं पाणी झिरपलं, तर जंतूंना अडवायला पाण्यात काहीच उरत नाही. आता दुसरा आकडा पाहा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं १९८४ साली गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी क्लोरीनच्या मर्यादा घालून दिल्या. थोड्या वेळापुरती ०.०१९ मिलिग्रॅम आणि कायमसाठी ०.०११ मिलिग्रॅम. आपल्यासाठी जे किमान, त्याचा दहावा हिस्साही माशाला धोक्याचा ठरतो. घरात फिशटँक ठेवणाऱ्या प्रत्येकाला दर आठवड्याला हे अंतर भरून काढावं लागतं. त्याच्या रीती अनेक आहेत, काही उत्तम, काही निरुपयोगी. कोणती रीत कामाची, हे मात्र आपल्या नळाला नेमकं कोणतं पाणी येतं यावर ठरतं. दुकानात हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तिथं थेट बाटली पुढे केली जाते.

आधी क्लोरीन माशाचं काय करतो ते पाहू. कल्ल्यांमध्ये रक्त आणि पाणी यांच्यात पेशींचा अतिशय पातळ पडदा असतो, कारण प्राणवायूला त्यातूनच आत यायचं असतं. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत राहतो: हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट. यातलं पहिलं जास्त जहाल. पाण्याचा पीएच साडेसातच्या खाली असला की तेच जास्त असतं. ते कल्ल्यांचा पडदा भाजून काढतं. भाजलेला पडदा सुजतो, त्यावर चिकट स्राव साचतो, आणि पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो. बेट्टा आणि गुरामी यांना वरची हवा घेता येते, म्हणून ते 'कणखर' समजले जातात. पण त्यांचे कल्लेही तितकेच नाजूक. हवा घेता आल्यामुळे ते तग धरतात इतकंच, इजा व्हायची ती होतेच.

तरीही कित्येक घरांत वर्षानुवर्षं थेट नळाचं पाणी टाकीत ओततात आणि मासे जगतात. 'आमच्याकडे कधी काही झालं नाही' हे वाक्य मासे पाळणाऱ्यांत सर्रास ऐकू येतं आणि ते खोटं नसतं. कारण साधं आहे. टाकीचं पाचवा हिस्सा पाणी बदललं आणि नव्या पाण्यात ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असला, तर मिसळल्यावर तो ०.०४ वर येतो. शिवाय टाकीतली घाण, शेवाळ, उरलेलं खाद्य त्याला काही मिनिटांत खाऊन टाकतं. माशाला चटका बसतो, पण तो दिसत नाही. मग एखाद्या आठवड्यात जलवाहिनीची दुरुस्ती निघते, किंवा पावसाळ्याच्या तोंडावर क्लोरीनची मात्रा वाढवली जाते, किंवा सोसायटीची गच्चीवरची टाकी ब्लीचिंग पावडरनं धुतली जाते. त्या दिवशी त्याच बादलीनं, त्याच हातानं ओतलेलं पाणी अख्खी टाकी संपवतं. नशिबावर सोडलेली गोष्ट नेमकी अशीच अंगाशी येते.

मासे काचेत पाळायचा छंद क्लोरीनपेक्षा जुना आहे. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलता तोल साधता येतो हे मांडलं. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडलं. नळाच्या पाण्यात कायमचं क्लोरीन मिसळणं त्यानंतर अर्ध्या शतकानं आलं: इंग्लंडमधल्या लिंकनला विषमज्वराच्या साथीत १९०५ साली, अमेरिकेतल्या जर्सी सिटीला १९०८ साली. त्यानं माणसांचे जे प्राण वाचवले त्याला तोड नाही. पटकी आणि विषमज्वर शहरांतून हटले त्यात या एका पदार्थाचा वाटा फार मोठा. म्हणून नळाला क्लोरीन असण्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. तो बादलीत असताना काढून टाकणं हे आपलं काम.

सर्वांत जुना उपाय म्हणजे पाणी आदल्या दिवशी भरून ठेवणं. तो खरा आहे, पण अटींसह. क्लोरीन उडून जातो तो पृष्ठभागावरून. पसरट टबात, वारा लागेल अशा जागी, एअरस्टोन लावून ठेवलेलं पाणी रात्रभरात बऱ्यापैकी सुरक्षित होतं. तेच पाणी उंच, झाकण लावलेल्या पिंपात ठेवलं तर दुसऱ्या दिवशीही त्याला वास येतो. आपल्याकडे डासांच्या भीतीनं पिंप झाकूनच ठेवतात, आणि ते योग्यच आहे. मग २४ तास 'मुरवलेल्या' पाण्यात क्लोरीन जसाच्या तसा का, याचं आश्चर्य वाटायला नको. हवेचा पंप लावून पाणी खळाळतं ठेवलं तर आणखी एक फायदा होतो. दाबाखालून आलेल्या पाण्यात हवा प्रमाणाबाहेर विरघळलेली असते. असं पाणी थेट ओतलं की काचेवर आणि माशांच्या परांवर बारीक बुडबुडे धरतात. तेच बुडबुडे रक्तात धरले तर मासा दगावतो.

घाई असेल किंवा टाकी मोठी असेल, तर सोडियम थायोसल्फेट. फोटोंच्या डार्करूममध्ये ज्याला हायपो म्हणायचे ते हेच. फिल्म गेली, डार्करूम गेल्या, पण साखरेच्या खड्यांसारखे दिसणारे हे स्फटिक मत्स्यदुकानात 'अँटिक्लोरीन' म्हणून टिकून राहिले. सुटे मिळतात, पाण्यात विरघळवून थेंबांच्या बाटलीतही मिळतात. ते क्लोरीनला काही सेकंदांत निष्प्रभ क्लोराइड करून टाकतात. हिशेब असा: १ मिलिग्रॅम क्लोरीनला ७ मिलिग्रॅम स्फटिक. १० ग्रॅम स्फटिक घेऊन त्यात पाणी घालत १०० मिलिलिटर द्रावण केलं, तर त्याच्या दर मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम स्फटिक येतात. १० लिटरच्या बादलीत दर लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन असला, तर ७० मिलिग्रॅम पुरे. म्हणजे त्या द्रावणाचा एक मिलिलिटर, साधारण वीस थेंब, थोडा राखीव साठा धरूनच झाला. क्लोरीनचा वास जास्त येतोय असं वाटलं तर दोन मिलिलिटर घाला, दुपटीनं माशाला काही होत नाही. द्रावण काळ्या बाटलीत, उजेडापासून दूर ठेवावं आणि दोनेक महिन्यांनी नवं करावं, कारण ते हळूहळू उतरतं. दुकानातल्या लेबल नसलेल्या बाटलीत द्रावण किती दाट आहे हे कळायला मार्ग नसतो. 'गॅलनला दोन थेंब' हा सल्ला एका बाटलीला लागू पडतो, दुसरीला नाही. घरी वजन करून केलेलं द्रावण मला म्हणूनच जास्त भरवशाचं वाटतं. काही जण क जीवनसत्त्वाची पूड वापरतात. तीही चालते आणि १ मिलिग्रॅम क्लोरीनला अडीच मिलिग्रॅम पुरते. पण ते आम्ल आहे आणि मऊ पाण्याचा पीएच खाली ओढतं. सक्रिय कोळशाचा फिल्टर क्लोरीन उत्तम धरतो, फक्त कांडी वेळेवर बदलली पाहिजे.

थायोसल्फेट पुरेसं पडत नाही ते क्लोरामाइनच्या बाबतीत. १९७४ साली नेदरलँड्समधल्या योहानेस रूक यांनी दाखवलं की क्लोरीन आणि पाण्यातला सेंद्रिय गाळ मिळून क्लोरोफॉर्मसारखी संयुगं तयार होतात. ती टाळायला अमेरिकेतल्या अनेक शहरांनी क्लोरीनमध्ये मुद्दाम अमोनिया मिसळून क्लोरामाइन वापरायला सुरुवात केली. डेन्व्हर त्याआधीच कित्येक दशकं वापरत होतं, सॅन फ्रान्सिस्को २००४ साली वळलं. अशा बदलाच्या वेळी तिथल्या पाणीपुरवठा संस्था दोन गटांना आवर्जून सावध करतात: डायलिसिसवर असलेले रुग्ण आणि मासे पाळणारे. दोघांच्याही बाबतीत क्लोरामाइन थेट रक्तात शिरतं. पुण्याहून तिकडे बे एरियात गेलेला माणूस इथल्या सवयीनं बादली रात्रभर उघडी ठेवील, तर ती सवय तिथं निरुपयोगी ठरेल, कारण क्लोरामाइन रात्रभरात उडून जात नाही. थायोसल्फेट त्यातला क्लोरीन मारतं, पण अमोनिया मोकळा सोडतं. दर लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरामाइन असेल, तर सुमारे ०.४ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन सुटतो. पीएच ७ ला त्यातला अर्ध्या टक्क्याच्या आसपास भागच विषारी रूपात असतो, पीएच ८ ला ५ टक्क्यांवर जातो आणि उन्हाळ्यात पाणी ३० अंशांना पोचलं की आणखी वाढतो. अमोनियाला बांधून ठेवणारी महागडी कंडिशनर खरी उपयोगी पडतात ती इथं.

आपल्या शहरांत शुद्धीकरण बहुतेक ठिकाणी साध्या क्लोरीननं होतं, त्यामुळे ही महागडी बाटली सरसकट सगळ्यांना घ्यायला लावणं मला पटत नाही. पण एक अपवाद ध्यानात ठेवावा. ज्या नदीत वरच्या गावांचं सांडपाणी मिसळतं, तिच्या पाण्यात अमोनिया आधीच असतो. त्यात क्लोरीन घातला की क्लोरामाइन आपोआप बनतं, कुणी ठरवून बनवत नाही. ते ओळखायला ग्रामपंचायतीत वापरतात ती ओटी चाचणी चांगली. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोल्युडीनचे थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा. पिवळा रंग लगेच आला तर तो मुक्त क्लोरीन. रंग पाच मिनिटांत हळूहळू गडद होत गेला तर बांधलेला क्लोरीन, म्हणजे क्लोरामाइन, आहे असं समजावं. ही चाचणी ०.१ च्या खालचं नीट दाखवत नाही, त्यामुळे रंग आला नाही म्हणजे माशांसाठी पाणी निर्धोक, असा अर्थ काढू नये. चाचणी केलेलं पाणी हाताला लागू देऊ नये आणि टाकीत तर मुळीच टाकू नये, ते रसायन घातक आहे.

क्लोरीनचं इतकं सांगूनही माझं मत असं की आपल्याकडे मासे मरण्याचं मोठं कारण क्लोरीन नसून पाण्याची जात न ओळखणं हे आहे. महाराष्ट्रात एकाच घरात तीन-चार जातींचं पाणी येतं. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा अशा सात जलाशयांतून येणारं पाणी म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावरून वाहून आलेलं पावसाचं पाणी. ते मऊ असतं, क्षार कमी. पुण्याचं खडकवासल्याचंही तसंच. टेट्रा, रासबोरा, बार्ब यांना ते फार मानवतं. त्याची उणीव मात्र एक: पीएच सावरून धरणारी क्षारता, जिला छंदातले लोक केएच म्हणतात, ती त्यात थोडी असते. टाकीतले जिवाणू १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता खातात. मासे जास्त, पाणी बदलणं कमी, असं चाललं की क्षारता संपते, पीएच एकदम सहाच्या खाली घसरतो आणि तेच जिवाणू मंदावतात. मालक मात्र अँटिक्लोरीनचे थेंब वाढवत बसतो. अशा टाकीच्या फिल्टरमध्ये शिंपल्यांचा धुतलेला चुरा मूठभर कापडात बांधून ठेवला, तरी पीएच धरून राहतो. कोकणात तो फुकट मिळतो.

बोअरचं पाणी याच्या अगदी उलटं. त्यात क्लोरीन नसतो, त्यामुळे अँटिक्लोरीन टाकून उपयोग नाही. पण जमिनीखालून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. उपसल्या उपसल्या पीएच ७ दाखवणारं पाणी पंप लावून ठेवलं की काही तासांत आठवर चढतं. हा चढ बादलीत होऊ द्यावा, माशांच्या अंगावर होऊ देऊ नये. पूर्णेच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा हे तर वेगळंच जग आहे. तिथल्या विहिरींच्या पाण्यात निऑन टेट्रा ठेवण्याचा हट्ट करू नये. गप्पी आणि मोली ते पाणी सोसतात, मोलीला तर आवडतंही. मासा पाण्याप्रमाणे निवडला की निम्मी औषधं लागत नाहीत.

टँकरच्या पाण्याचा भरवसा सर्वांत कमी. आज विहिरीचं, उद्या जलशुद्धीकरण केंद्राचं, परवा त्यात अंदाजानं ओतलेलं ब्लीचिंग. मार्च ते जून ज्या सोसायट्या टँकरवर जगतात, तिथं टाकीसाठी पंधरवड्याचं पाणी वेगळं भरून ठेवावं आणि टँकरचं पाणी वापरायचंच असेल तर दर वेळी चाचणी करावी. घरातल्या आरओ यंत्राचं पाणी शुद्ध म्हणून माशांना देणारेही खूप. त्यातली क्षारता जवळपास काढून टाकलेली असते, त्यामुळे नुसत्या आरओच्या पाण्यावर चालणारी टाकी मघाशी सांगितलेल्या घसरणीला सर्वांत आधी बळी पडते. त्यात नळाचं पाणी मिसळून वापरलं तर ते कठीण पाण्यावरचा उत्तम उतारा आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये नळाचं पाणी सर्वांत झपाट्यानं बदलतं. गढूळपणा वाढतो, म्हणून तुरटी वाढते, आणि तुरटी क्षारता खाते. जंतू वाढतात, म्हणून क्लोरीन वाढतो. म्हणजे आधीच मऊ असलेलं पाणी आणखी निःसत्त्व आणि आणखी जहाल होऊन येतं. या दोन महिन्यांत पाणी बदलायचं तर पावऐवजी दहावा हिस्सा, पण आठवड्यातून दोनदा, असं करणं शहाणपणाचं.

क्लोरीनचा आणखी एक बळी डोळ्यांना दिसत नाही. टाकीतला अमोनिया नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजमध्ये आणि खडीवर थर धरून राहतात. नायट्राइट पचवणारे नायट्रोबॅक्टर असतात असं पुस्तकांत अनेक दशकं छापलं गेलं. फिशटँकमध्ये ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात, हे टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवलं. हा थर चिवट असतो, पाणी बदलताना आलेल्या किंचित क्लोरीननं तो नाहीसा होत नाही. पण तोच स्पंज नळाच्या धारेखाली धरून पिळून पिळून पांढरा केला, तर हानी मोठी होते. चार दिवसांनी मासे मरतात आणि दोष खाद्याला दिला जातो. स्पंज टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच दोनदा दाबून काढावा. तो मळकट दिसला पाहिजे.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. खडेमीठ क्लोरीन काढत नाही. नायट्राइट वाढला असताना मात्र मिठातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, तेवढ्यापुरतं ते खरं औषध आहे. मिथिलीन ब्लू बुरशीवर चालतं, क्लोरीनवर नाही, आणि ते टाकीतल्या उपयुक्त जिवाणूंनाही मारतं. रस्त्याकडेच्या देशी बदामाची वाळकी पानं मऊ पाणी थोडं आम्लधर्मी करतात, बेट्टाला ती भावतात, पण क्लोरीनवर विसंबावं इतका त्यांचा जोर नाही. पाणी उकळलं तर क्लोरीन जातो, पण प्राणवायूही जातो आणि दहा बादल्या उकळणं कुणाला परवडणार?

हा प्रश्न केवळ छंदाचा नाही. हिवताप आणि डेंग्यूचे डास रोखायला आपलं आरोग्य खातं गप्पी मासे पाळतं, प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात त्यांची पैदास केंद्रं असतात. त्याच गावात जलसुरक्षक पिण्याच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकतो. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. दोन्ही कामं गावाच्या भल्याची, पण दोन्ही एका पाण्यात चालत नाहीत. गप्पी सोडायचे ते वापरात नसलेल्या विहिरीत, डबक्यात, जनावरांच्या हौदात. आणि पैदास केंद्राचा हौद नळयोजनेच्या पाण्यानं भरायचा असेल, तर २,००० लिटरला, ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन धरून, ७ ग्रॅम थायोसल्फेट पुरतं. खर्च काही रुपयांचा. पैदास केंद्रातल्या हौदाजवळ त्याची एक बरणी ठेवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

रोजच्या कामात लक्षात ठेवायचं ते इतकंच: बादलीत औषध घालून मग पाणी ओतणार असाल, तर मात्रा बादलीच्या हिशेबानं. पाइप लावून थेट टाकीत पाणी सोडणार असाल, तर मात्रा अख्ख्या टाकीच्या हिशेबानं आणि ती पाणी सोडण्याआधी. तापमानात दोन अंशांहून जास्त फरक नको. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी उन्हाळ्यात चांगलंच कढत असतं, तेव्हा सकाळी लवकर पाणी बदलावं.

आणि पाणी बदलल्यावर मासे वर येऊन धापा टाकू लागले, तर आधी थायोसल्फेट थेट टाकीत घालावं, अख्ख्या टाकीच्या मात्रेच्या दुपटीनं, आणि हवेचा पंप पूर्ण सोडावा. पुन्हा पाणी बदलू नये, नवं पाणी त्याच नळाचं असतं. दिवा बंद करावा, दोन दिवस खाद्य देऊ नये. क्लोरीन काही सेकंदांत जातो, कल्ले भरून यायला मात्र दिवस लागतात, आणि तोवर फिल्टरमधले जिवाणूही अशक्त झालेले असू शकतात. म्हणून पुढचा आठवडाभर रोज अमोनियाची चाचणी करावी आणि तो वाढताना दिसला तर क्लोरीन काढलेल्या पाण्यानं थोडं थोडं पाणी बदलत राहावं.